प्राणहितेकाठचा बारापासॉरस



या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, साहित्य, सहकार, संतविचार अशा विषयांवर पुष्पे गुंफली गेली आहेत. मी डायनासोरवर बोलणार म्हटल्यावर संयोजकांनी फार नम्रपणे विचारले, "आपल्या भागाशी संबंधित काही नाही का?" मी त्यांना म्हटले, यापेक्षा आपल्या भागातला विषय माझ्याकडे नाही. गोंड राजे, माणिकगड, ताडोबाचे जंगल ही सगळी मंडळी नंतरची. कोळसा तेवढा आधीचा.

चंद्रपूरहून आलापल्लीमार्गे दक्षिणेला निघालो की आपण सिरोंच्याला पोहोचतो. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन झालेली प्राणहिता तिथेच गोदावरीला मिळते. सिरोंच्याच्या उत्तरेला, नदीच्या डाव्या काठावर, कोटा नावाचे लहानसे गाव आहे. जगभरच्या भूशास्त्रज्ञांना हे नाव पाठ असते. सिरोंचा तालुक्यातल्या बहुतेकांना मात्र ते का पाठ असते हे ठाऊक नसते. 'कोटा प्रस्तर' म्हणून ओळखले जाणारे जुरासिक काळातले खडक या गावाच्या नावाने ओळखले जातात आणि प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात ते नदीच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे महाराष्ट्रात आणि तेलंगणात, पसरलेले आहेत.

हे खोरे म्हणजे जमिनीला पडलेली एक लांबलचक खचदरी. कोट्यवधी वर्षे ती खचत गेली आणि नद्या तिच्यात गाळ आणून टाकत गेल्या. सगळ्यात खाली हिमनद्यांनी आणलेले गोटे, त्यावर बल्लारपूर, वणी, माजरीच्या खाणींतून आपण काढतो तो कोळसा, त्यावर लाल माती आणि वालुकाश्मांचे थर, आणि बरेच वर कोटा. कोट्याचा थर साचला त्या वेळी भारत आशियाला चिकटलेला नव्हता. आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियाच्या शेजारी, दक्षिण गोलार्धात होता. हिमालय नव्हता. सह्याद्रीचा काळा दगड भूगर्भातून बाहेर यायला आणखी सुमारे 12 कोटी वर्षे होती.

कोट्याच्या चुनखडकातले मासे 19व्या शतकाच्या मध्यालाच लंडनपर्यंत पोहोचले होते. या खोऱ्यातल्या मालेरी या दुसऱ्या प्रसिद्ध जागेचा नागपूरच्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी बारकाईने अभ्यास केला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आपल्याला ठाऊक असते, पण हा मिशनरी उत्तम भूशास्त्रज्ञ होता हे आपण विसरलो. 1863 मध्ये ओढ्याच्या पुरात बुडून तो गेला, आणि त्यानंतर जवळजवळ 100 वर्षे या खोऱ्यातल्या मोठ्या हाडांच्या मागे पद्धतशीरपणे कोणी लागले नाही.

लागले ते कोण? कलकत्त्याची भारतीय सांख्यिकी संस्था. सांख्यिकीवाल्यांचे डायनासोरशी काय नाते, असा प्रश्न तुम्हाला पडणे स्वाभाविक आहे. उत्तर एका माणसात आहे: संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस. माणसांच्या शरीरांची मापे तुलनेला घेताना दोन समूहांमधले अंतर कसे मोजावे, या प्रश्नातून त्यांचे सर्वांत गाजलेले सूत्र निघाले. संख्याशास्त्र हे मोजता येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे शास्त्र आहे अशी त्यांची ठाम श्रद्धा होती, आणि हाडे तर मोजता येतातच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या पामेला रॉबिन्सन या जीवाश्मतज्ज्ञ बाईंना त्यांनी बोलावले आणि 1957च्या सुमारास संस्थेत भूशास्त्राचा विभाग उभा राहिला. उत्क्रांतीचे गणित मांडणारे जे. बी. एस. हॉल्डेनही त्याच वर्षी इंग्लंड सोडून त्याच संस्थेत आले. नियोजन आयोगाचे आराखडे, उत्क्रांतीचे गणित आणि डायनासोरची हाडे एका आवारात नांदत होती. आपल्या आजच्या विद्यापीठांत असे काही सुचवून पाहा, पहिल्याच बैठकीत विषय कोणत्या विभागाच्या अखत्यारीत येतो यावर तास जाईल.

रॉबिन्सनबाईंनी तरुण भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन हे खोरे पायाखाली घातले. 1950च्या दशकाच्या शेवटी पहिली हाडे सापडली आणि 1961 पर्यंत पोचमपल्ली गावाजवळच्या एकाच जागेतून जवळपास 300 हाडे बाहेर काढण्यात आली. किमान 6 प्राण्यांची ती हाडे होती. त्यांच्यात एक मांडीचे हाड सुमारे 1.7 मीटर लांबीचे होते, म्हणजे उभे धरले तर तुमच्या-माझ्या उंचीचे. प्राण्याचे नाव त्याच पायांवरून पडले: बारापासॉरस, मोठ्या पायांचा सरडा. प्रजातीचे नाव टागोराय, कारण 1961 हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. महालनोबीस रवींद्रनाथांच्या निकटचे. विश्वभारतीचे सचिव म्हणूनही त्यांनी काम केले होते. कवीचे नाव मिळालेले डायनासोर जगात फार नसतील.

ती हाडे ज्या अवस्थेत सापडली तीही बोलकी आहे. ती विखुरलेली होती, पण फार दूर नाही, आणि त्यांच्याबरोबर मोठमोठे शिळारूप ओंडके होते. झाडे आणि जनावरे एकदमच वाहून आणणारा पूर आला असावा, असा संशोधकांचा कयास आहे. पूर ओसरला तेव्हा कुजलेली धडे गाळात रुतली. डोकी मात्र नाहीत. शेपटी, पाय, कणा, कमरेची हाडे, सगळे आहे, कवटी नाही. सुटे दात तेवढे मिळाले. लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांच्या या कुळातल्या बहुतेक प्राण्यांची हीच कथा आहे, कारण डोके लहान, हाडे पातळ आणि मानेशी जोड सैल. पाण्याने पहिल्यांदा तेच सुटते.

या प्राण्याचे वर्णन छापून यायला 1975 साल उजाडले. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉयचौधरी आणि शंकर चटर्जी हे त्याचे लेखक. त्याच दशकात कलकत्त्यात संस्थेच्या संग्रहालयात तो सांगाडा उभा राहिला. भारतात उभा केलेला हा पहिला डायनासोर. कोणी कलकत्त्याला गेलात तर बराकपूर ट्रंक रोडवर जाऊन तो जरूर पाहा. अनेक प्राण्यांच्या हाडांतून तो एक सांगाडा जुळवला आहे आणि डोके अर्थातच घडवलेले आहे. लांबी सुमारे 14 मीटर, काही अंदाजांनुसार त्याहूनही बरीच जास्त. वजन कमीत कमी धरले तरी 7 टन, म्हणजे मोठ्या हत्तीच्या दीडपट.

आता खऱ्या विषयाकडे येतो. एवढे मोठे जनावर सापडले, ठीक आहे. उत्क्रांतीच्या अभ्यासकांना त्याचे एवढे अप्रूप का?

लांब मान, लांब शेपूट, लहान डोके आणि पिंपासारखे पोट असलेल्या, चार पायांवर चालणाऱ्या शाकाहारी डायनासोरांना सॉरोपॉड म्हणतात. डिप्लोडोकस, ब्रॅकिओसॉरस, दक्षिण अमेरिकेतला अर्जेंटिनोसॉरस ही सगळी सॉरोपॉड. जमिनीवर चाललेले सर्वांत मोठे प्राणी याच कुळातले. काहींचे वजन 60-70 टनांच्या घरात होते. पण यांचे मूळ शोधत मागे गेलो तर सुमारे 23 कोटी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत आपल्याला भेटतात कुत्र्याएवढी, दोन पायांवर पळणारी जनावरे. ब्राझीलचा ब्युरिओलेस्टेस तर मांस खाणारा होता. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या शाकाहारी कुळाचा पूर्वज शिकारी होता. युरोपात 19व्या शतकापासून ठाऊक असलेला प्लॅटिओसॉरस मधल्या काळातला: 7-8 मीटर लांब, झाडपाला खाणारा, पण अजून दोन पायांवरच, कारण त्याच्या हाताचा पंजा जमिनीकडे नीट वळतच नव्हता.

दोन पायांच्या या जनावरापासून चार खांबांच्या त्या राक्षसापर्यंतचा प्रवास कसा झाला, हा प्रश्न. बारापासॉरसचे वर्णन होईपर्यंत त्या मधल्या पल्ल्यातला इतका पूर्ण सांगाडा कोणाकडे नव्हता. 1972 मध्ये वर्णन झालेला झिंबाब्वेचा वल्केनोडॉन होता, पण त्याची मान आणि बरेचसे धड गायब. बारापासॉरसमुळे पहिल्यांदा मानेपासून शेपटीपर्यंत पाहता आले की सॉरोपॉडपणाचे कोणते अवयव आधी घडले आणि कोणते मागाहून.

पाय आधी घडले. बारापासॉरसच्या मांडीचे हाड सरळ आहे, वाड्याच्या सागवानी खांबासारखे. आधीच्या जनावरांचे हे हाड किंचित वाकलेले असे आणि पाय गुडघ्यात दुमडून ती चालत. दुमडलेल्या पायावर वजन तोलायला सतत स्नायू ताणून धरावे लागतात. सरळ पायात वजन हाडांतूनच खाली उतरते. हत्तीचा पायही असाच असतो. त्याबरोबर पळण्याची चपळाई गेली. कंबरही बळकट झाली. प्लॅटिओसॉरसमध्ये कमरेच्या हाडांना जोडलेले मणके 3 असत, बारापासॉरसमध्ये ते 4 आहेत आणि एकमेकांत सांधलेले आहेत. नंतरच्या सॉरोपॉडांत ते 5 झाले आणि अगदी शेवटच्या कुळात 6. ही वाढ दिसायला क्षुल्लक आहे, पण पाठीच्या कण्यावरचा भार मागच्या पायांवर जिथे उतरतो, ती हीच जागा.

कणा मात्र अजून अर्धवट होता, आणि मला सगळ्यात रस वाटतो तो इथेच. नंतरच्या सॉरोपॉडांचे मानेचे आणि पाठीचे मणके आतून पोकळ असत. फुप्फुसांपासून निघालेले हवेचे कोश हाडांत शिरून त्यांना पोखरत. पक्ष्यांत आजही तेच होते. काही मणक्यांत निम्म्याहून अधिक जागा हवेचीच असे. नाहीतर 10 मीटरची मान उचलून धरणे कोणत्याही स्नायूंना झेपले नसते. बारापासॉरसच्या मणक्यांच्या बाजूंना या पोकळ्यांची फक्त सुरुवात आहे: उथळ खळगे. मणक्यांच्या वरच्या कमानी मात्र पातळ पापुद्र्यांनी तोलून धरलेल्या, नंतरच्या पद्धतीच्या आहेत आणि त्यांच्यात पोकळ्याही आहेत. म्हणजे जनावर आधी जड झाले, पाय आणि कंबर त्या वजनाला उभी राहिली, आणि वजन हलके करण्याची युक्ती मागाहून पुरी होत गेली.

इथे एका सवयीबद्दल बोलायला हवे. शाळेच्या भिंतीवरच्या चित्रात उत्क्रांती शिडीसारखी दाखवतात. खाली लहान, मध्ये मध्यम, वर मोठा. बारापासॉरस त्या शिडीची मधली पायरी, असे सांगून मी थांबलो असतो तर तुम्ही खूश झाला असता आणि मी खोटे बोललो असतो. दोन गोष्टी आडव्या येतात.

एक म्हणजे कोटासॉरस. पी. यादगिरी यांनी 1988 मध्ये यामनपल्लीजवळच्या हाडांवरून त्याचे वर्णन केले. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे. सुमारे 9 मीटर लांबीचा हा प्राणी बारापासॉरसपेक्षा जुन्या वळणाचा: मणके भरीव, कमरेचे हाड पूर्वजांसारखे. आणि तो सापडला कुठे? त्याच खोऱ्यात, त्याच कोटा प्रस्तरात. पूर्वज आणि वंशज असे एकामागून एक येत नव्हते. जुन्या वळणाचे आणि नव्या वळणाचे शेजारी राहून चरत होते.

दुसरी गोष्ट आफ्रिकेतली आणि अर्जेंटिनातली. 2018 या एकाच वर्षात दोन प्राण्यांची वर्णने आली. दक्षिण आफ्रिकेचा लेडुमाहाडी साधारण 12 टनांचा, चार पायांवर चालणारा, पण दुमडलेल्या पायांचा. अर्जेंटिनाची इंजेंशिया त्याहून जुनी, ट्रायासिक काळाच्या शेवटची. तीही कित्येक टनांची. म्हणजे सरळ पाय नसतानाही महाकाय होता येत होते, आणि बारापासॉरसच्या आधीच कोणीतरी ते करून दाखवले होते. राक्षसी आकार या कुळात एकाहून अधिक वेळा, वेगवेगळ्या वाटांनी आला. लेडुमाहाडीच्या वाटेने गेलेले पुढे टिकले नाहीत. बारापासॉरस ज्या वळणाचा होता ते वळण 12 कोटी वर्षे चालले. म्हणून त्याला 'पहिला महाकाय' म्हणणे चूक आहे. टिकलेल्या घडणीच्या, जवळजवळ पूर्ण अशा सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक, असे म्हणावे. वर्तमानपत्राला हे शीर्षक लांब पडेल, पण खरे एवढेच आहे.

मग आकार वाढवण्याची मूळ युक्ती कोणती? उत्तर विचित्र आहे: न चावणे. हत्तीला दिवसाला 100-150 किलो चारा लागतो आणि त्याचा बहुतेक दिवस खाण्यात जातो, कारण प्रत्येक घास दाढांखाली भरडावा लागतो. त्या दाढांसाठी मोठे जबडे, जबड्यांसाठी मोठे स्नायू, त्या सगळ्यासाठी जड डोके, आणि जड डोक्याला लांब मान परवडत नाही. सॉरोपॉडाने दाढाच ठेवल्या नाहीत. बारापासॉरसचे जे थोडे दात मिळाले ते चमच्यासारखे, कडेला जाड खाचा असलेले. पाला ओरबाडण्यासाठी चांगले, भरडण्यासाठी निरुपयोगी. घास तोडायचा आणि गिळायचा. पुढचे काम पोटातल्या जंतूंचे, आणि ते कित्येक दिवस चाले. डोके लहान राहिले म्हणून मान वाढू शकली. मान वाढली म्हणून एका जागी उभे राहून दूरचा पाला घेता आला, जडशीळ देह दर घासाला हलवावा लागला नाही. पोट मोठे झाले म्हणून सुचिपर्णी झाडांच्या टणक डहाळ्या, नेचे आणि अश्वपुच्छ यांसारखा चारा मुरवता आला. दात झिजले तर नवे तयारच असत. डिप्लोडोकसचा एक दात साधारण महिन्याभरात बदलला जाई. आपल्या दंतवैद्यांनी हे फार मनावर घेऊ नये.

याच्या जोडीला पक्ष्यांसारखी श्वसनव्यवस्था होती आणि अंडी होती. हत्तीण 22 महिने गर्भार राहून एक पिलू देते. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या जातीला एक दुष्काळ पुरेसा असतो. सॉरोपॉड अंडी घालीत, एकेका घरट्यात कितीतरी, आणि त्यांतली बहुतेक पिले मेली तरी वंश चाले. हाडांच्या कापांवरून दिसते की वाचलेली पिले फार झपाट्याने वाढत.

बारापासॉरसच्या काळानंतर, साधारण 18 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी, दक्षिण आफ्रिका आणि अंटार्क्टिकाच्या भागात प्रचंड लाव्हा उसळला. हवेत कार्बन वाढला, हवामान तापले, अनेक ठिकाणच्या वनस्पती बदलल्या आणि लहान खवल्यांसारख्या पानांची टणक सुचिपर्णी झाडे वाढली. अर्जेंटिनात 2020 मध्ये वर्णन झालेल्या बागुआलियाचे दातांचे कवच आधीच्या नातलगांपेक्षा कितीतरी पट जाड आहे. तिच्या अभ्यासकांचे म्हणणे असे की या उलथापालथीत लांब मानेच्या घराण्याच्या बाकीच्या शाखा संपल्या आणि टणक चारा पेलणारी एकच शाखा उरली. मला हे म्हणणे पटते, तरी एक अडचण सांगतो. कोटा प्रस्तराचे वय सगळ्यांना मान्य नाही. मासे आणि डायनासोर पाहून ते जुरासिकच्या सुरुवातीचे ठरवले गेले. सूक्ष्म जीवाश्म आणि परागकण पाहणारे काही संशोधक ते बरेच तरुण मानतात. ते तरुण ठरले, तर बारापासॉरस आणि विशेषतः कोटासॉरस या उलथापालथीतून वाचलेले जुन्या वळणाचे प्राणी ठरतील आणि कथा आणखी गुंतागुंतीची होईल. या खोऱ्यात करण्यासारखे काम किती उरले आहे, याची कल्पना यावरून यावी.

आणि कथेचे दुसरे टोकही आपल्याकडेच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातच डोंगरगावला याच सोहनलाल जैन यांना दुसरा सॉरोपॉड मिळाला: आखूड मानेचा, लांब पुढच्या पायांचा. 1997 मध्ये जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी त्याचे वर्णन केले. आज त्याला इसिसॉरस म्हणतात, सांख्यिकी संस्थेच्या आद्याक्षरांवरून. हा क्रेटेशियस काळाच्या शेवटचा, म्हणजे डायनासोर संपण्याच्या जरा आधीचा. बारापासॉरस आणि इसिसॉरस यांच्यात जेवढा काळ गेला, त्याच्या साधारण निम्मा काळ इसिसॉरस आणि तुम्ही-आम्ही यांच्यात गेला आहे. सॉरोपॉडांच्या घराण्याची सुरुवात आणि अखेर एकाच प्रदेशात पाहायला मिळावी, असे भाग्य जगात थोड्या ठिकाणांना आहे. आपल्या मुलांना मात्र उत्तर अमेरिकेतला टी-रेक्स तोंडपाठ असतो. त्यात मुलांचा दोष नाही. बारापासॉरसला पाठ्यपुस्तकात एक परिच्छेद देणे कोणालाही अशक्य नव्हते.

सांगाडा कलकत्त्यात आहे याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांनी खोदला, जपला, अभ्यासला, त्यांच्याकडे तो आहे. पण सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान झाले आहे, शिळारूप वृक्ष तिथे जपले आहेत. त्याच्या आवारात बारापासॉरसची पूर्ण मापाची प्रतिकृती आणि मराठी, तेलुगू, माडिया अशा तीन भाषांतला फलक उभा राहायला हवा. त्यासाठी लागणारा पैसा एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाहून जास्त नाही.

सभागृहात शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, वनखात्यातले मित्रही दिसतात. त्यांना एकच विनंती. नदीच्या कडेला, नाल्यात, विहिरीच्या खोदकामात जड, दगडासारखे झालेले हाड दिसले तर ते उपटून घरी आणू नका, देवळात नेऊन ठेवू नका, विकू तर मुळीच नका. जिथे आहे तिथेच त्याचा फोटो घ्या, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा, जागा लिहून घ्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. बारापासॉरसची कवटी अजून कोणालाही सापडलेली नाही.